सूर्याचें देणें आणि तारेचें बलुतें

सूर्यास अर्घ्य देण्याचा प्रघात आमच्या घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे. परंतु सूर्याकडून रोख हिशेबानें कांहीं घेण्याचा प्रसंग मात्र आमच्याच पिढीवर प्रथम आला. २०२४ सालच्या दिवाळीनंतर आमच्या गच्चीवर तीन किलोवॅट शक्तीचीं सौर पॅनेलें बसलीं. मुलानें आग्रह धरला, सरकारी अनुदानाचे अठ्ठ्याहत्तर हजार रुपये मिळाले, आणि महिन्याभरांत दोन्ही दिशांनीं मोजणारा नवा मीटर दाराशीं लागला. दिवसां जी वीज आमच्या खर्चाहून अधिक होते ती ह्या मीटरांतून बाहेर रस्त्यावरच्या तारेंत जाते. रात्रीं तितकीच वीज आम्ही त्याच तारेंतून परत घेतों. आणि महिन्याच्या अखेरीस देण्याघेण्याची वजाबाकी होऊन जें उरेल त्याचेंच बिल येतें. ह्या पद्धतीस 'नेट मीटरिंग' म्हणतात. पूर्वीं अडीच-तीन हजारांचें येणारें बिल आतां शें-दीडशें रुपयांवर आलें. तें पहिलें बिल हातीं पडलें तेव्हां, खरें सांगावयाचें तर, आम्ही तें आल्यागेल्यास दाखवीत सुटलों.

असेंच एकदां तें आमच्या तळमजल्यावर बिऱ्हाडानें राहणाऱ्या बाईंस दाखविलें. पोळीभाजीचे डबे करून त्या आपला व दोन मुलांचा चरितार्थ चालवितात. त्यांनीं बिल नीट निरखून पाहिलें, आंत जाऊन आपलें बिल आणलें आणि तें आमच्या बिलाशेजारीं ठेविलें. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "खांब तोच, तार तीच, रात्रीं दिवे गेले तर येणारा वायरमनहि तोच. मग त्याचा पगार आतां माझ्याच बिलांतून जातो कीं काय?" प्रश्न विनोदानें विचारलेला होता, आम्हीहि हंसून वेळ मारून नेली. परंतु सारें आयुष्य मुलांस संस्कृत व अंकगणित शिकविण्यांत गेल्यामुळें, उत्तर न देतां सोडलेला प्रश्न आम्हांस स्वस्थ झोंपूं देत नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा प्रयत्न ह्या लेखांत केला आहे. तो करतांना आम्हांस आमच्या गच्चीवरून थेट जर्मनीपर्यंत जावें लागलें. कारण हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर त्या देशांत उपस्थित झाला, आणि त्याचा धडाहि त्या देशानें स्वतःच्या पैशानें घेतला.

बिलाच्या पोटांत काय असतें

वीजबिल आपण रकमेसाठीं पाहतों. त्याच्या रकान्यांकडे सहसा पाहत नाहीं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क असे रकाने आमच्या बिलावर पूर्वींपासून होतेच. ते वाचण्याची आवश्यकता आम्हांस आतां प्रथम वाटली. विजेचा खर्च मूलतः दोन जातींचा आहे. एक खर्च असा कीं, जितकी वीज जळेल तितकाच तो होतो, उदाहरणार्थ, कोळशाचा. दुसरा असा कीं, वीज जळो वा न जळो, तो व्हावयाचाच: वीजकेंद्र उभारण्यासाठीं काढलेल्या कर्जाचें व्याज, खांब, तारा, गल्लीच्या तोंडाशीं असलेलें रोहित्र, ज्यास गांवांत सर्वजण डीपी म्हणतात, आणि भर पावसांत रात्रीं-अपरात्रीं शिडी घेऊन येणारा वायरमन. न्याय पाहिला तर पहिला खर्च युनिटावर आणि दुसरा जोडणीवर आकारला पाहिजे. परंतु बहुतेक देशांत दुसऱ्या खर्चाचाहि मोठा भाग युनिटाच्या दरांतच मिसळण्याची रीत पडली. ज्याच्या घरीं वीज अधिक जळते तो सामान्यतः अधिक सधन. म्हणून खांबाचा अधिक भार त्यानें उचलावा, अशी त्यांत एक प्रकारची माणुसकीहि होती. ही रीत दीर्घकाळ निर्वेध चालली. कारण तारेवांचून वीज मिळण्याचा दुसरा सोयीचा मार्गच सामान्य घरास नव्हता.

बलुत्याची पद्धति वाचकांस ऐकून तरी ठाऊक असेल. गांवच्या सुताराला वा लोहाराला प्रत्येक कामामागें रोख पैसा मिळत नसे. सुगी आली कीं खळ्यावर त्याच्या वांट्याचें धान्य त्यास मिळे. तें धान्य केलेल्या कामाचें मोल होतेंच. पण त्याहून अधिक, हांक मारतांच तो हजर राहील ह्या भरंवशाचें मोल होतें. त्या व्यवस्थेंत अन्यायहि पुष्कळ होता आणि तिचें गुणगान करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु हजर असण्याचें वेगळें मोल असतें, एवढी गोष्ट तिला कळली होती. विजेची तार ही आजच्या गांवची बलुतेदारीण आहे. तिचें बलुतें आपण युनिटाच्या दरांत लपवून देत आलों. म्हणून युनिटें विकत घेणें थांबतांच बलुतेंहि थांबलें. हांक मारणें मात्र थांबलें नाहीं. रात्रीं आम्ही तारेच्याच भरंवशावर असतों. इतकेंच नव्हे, तर ज्या घरीं बॅटरी नाहीं तेथें भर दुपारीं जरी तारेंतील वीज गेली तरी गच्चीवरची वीजनिर्मितीहि सुरक्षिततेसाठीं आपोआप बंद पडते.

आतां एक शाळकरी उदाहरण घेऊं. त्यांतील आंकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठीं कल्पिलेले आहेत. एका आळींत बारा घरें आहेत, आणि तेथील तारा, खांब व माणसें ह्यांचा वार्षिक खर्च ६०,००० रुपये आहे. सर्व घरें सारखी वीज घेतात. म्हणून प्रत्येकाच्या बिलांत ह्या खर्चाचे ५,००० रुपये असतात. दोन घरांनीं पॅनेलें बसवून आपलें बिल शून्यावर आणलें. तारेचा खर्च होता तेवढाच राहिला. तो दहा घरांवर पडला, प्रत्येकीं ६,०००. दर चढला म्हणून आणखी दोन घरांस पॅनेलें किफायतशीर वाटूं लागलीं. उरलेल्या आठांवर प्रत्येकीं ७,५००. आणखी दोन गेलीं कीं सहा घरांवर प्रत्येकीं १०,०००. शेवटीं मागें राहतात तीं घरें कोणाचीं? ज्यांस स्वतःची गच्ची नाहीं त्यांचीं. किंवा गच्ची आहे, पण प्रारंभीं घालावयास भांडवल नाहीं त्यांचीं. अमेरिकेंतील वीजकंपन्यांच्या 'एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूट' ह्या संघानें जानेवारी २०१३ मध्यें एक निबंध प्रसिद्ध करून हीच भीति बोलून दाखविली होती. प्रत्यक्षांत कोणतीहि आळी इतक्या झपाट्यानें रिकामी होत नाहीं. परंतु घसरगुंडीची दिशा ती हीच.

जर्मनींत काय घडलें

लहान उत्पादकांची वीज तारेंत घेण्याचें व तिचे पैसे देण्याचें बंधन वीजकंपन्यांवर घालणारा कायदा जर्मनीनें १९९० मध्यें केला. तो १ जानेवारी १९९१ पासून अंमलांत आला. त्यांत सौर विजेस मिळणारा भाव तिच्या खर्चाच्या मानानें अगदींच अपुरा होता. खरें वळण १ एप्रिल २००० रोजीं लागलें. हेर्मान शेअर व हान्स-योझेफ फेल ह्या लोकप्रतिनिधींच्या पुढाकारानें झालेल्या नव्या कायद्यानें सौर विजेस दर युनिटास ९९ फेनिग, म्हणजे सुमारें ५१ युरो-सेंट, असा भाव बांधून दिला, आणि तोहि वीस वर्षांसाठीं. त्या वेळीं जर्मन गृहस्थ तारेंतून जी वीज विकत घेई तिचा दर सुमारें १४ सेंट होता. आपल्याकडील नेट मीटरिंगमध्यें युनिटास युनिट मिळतें. तेथें एका युनिटाच्या पैशांत साडेतीन युनिटें येऊं लागलीं. २००४ मध्यें हा भाव लहान छपरांसाठीं आणखी वाढवून ५७.४ सेंट करण्यांत आला.

एवढा भाव देण्यामागें हेतु होता, आणि तो क्षुद्र नव्हता. सौर पॅनेल त्या काळीं फार महाग होतें. मागणी नाहीं म्हणून कारखाने लहान, आणि कारखाने लहान म्हणून माल महाग, असें तें चक्र होतें. कोणी तरी प्रथम चढ्या भावानें माल घेतल्यावांचून तें फुटणें शक्य नव्हतें. जर्मनीनें तें काम अंगावर घेतलें.

पैसा मात्र सरकारी तिजोरींतून दिला गेला नाहीं. बांधून दिलेला भाव आणि वीज-बाजारांत त्या विजेस मिळणारी किंमत ह्यांतील अंतर प्रत्येक ग्राहकाच्या बिलावर अधिभार म्हणून बसविण्यांत आलें. २००४ मध्यें तेव्हांचे पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन ह्यांनीं, ह्याचा भार एका कुटुंबावर महिन्यास सुमारें एक युरो, म्हणजे आइस्क्रीमच्या एका गोळ्याएवढाच पडेल, असें सांगितलें होतें. तें बोलणें पुढें त्यांच्या फार अंगाशीं आलें. पॅनेलें स्वस्त होत गेलीं, पण भाव तितक्या वेगानें उतरविला गेला नाहीं. तेव्हां छपरांवर झुंबड उडाली. २०१०, २०११ व २०१२ ह्या तीनहि वर्षीं सात-सात हजार मेगावॅटांहून अधिक शक्तीचीं पॅनेलें बसलीं. अधिभार २०१० मध्यें युनिटास २.०५ सेंट होता. तो २०१३ मध्यें ५.२८, २०१४ मध्यें ६.२४ आणि २०१७ मध्यें ६.८८ सेंटांवर गेला. वर्षास साडेतीन हजार युनिटें वापरणाऱ्या कुटुंबास २०१४ मध्यें ह्या एका रकान्यापायीं सुमारें २१८ युरो पडले. म्हणजे महिन्यास अठरा. पवनऊर्जा व जैविक इंधन ह्यांचाहि भाग त्यांत होता हें खरें. परंतु सौर विजेचा वांटा मोठा होता.

हा पैसा कोणी कोणास दिला? जर्मनींत निम्म्याहून अधिक कुटुंबें भाड्याच्या घरांत राहतात. त्यांस छप्पर नाहीं, म्हणून पॅनेल नाहीं. अधिभार मात्र आहे. वीज अतोनात वापरणाऱ्या मोठ्या कारखान्यांस परदेशी स्पर्धेच्या कारणास्तव अधिभारांतून बरीचशी सूट होती. त्यामुळें तोहि भार उरलेल्यांवर आला. म्हणजे भाडेकरू आपल्या बिलांतून घरमालकाच्या छपराचें उत्पन्न भरीत होता. आमच्या तळमजल्यावरच्या बाईंनीं विचारलेला प्रश्न तो हाच. फक्त तो जर्मन भाषेंत कोट्यवधि लोकांस पडला.

कंपन्यांची दुपार

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. पूर्वीं दुपारची वेळ ही जर्मन वीजकंपन्यांची सुगी असे. कारखाने, कचेऱ्या, स्वयंपाकघरें सर्व एकदम चालूं असल्यामुळें बाजारांत विजेचा भाव त्या वेळीं चढे, आणि वायूवर चालणारीं महागडीं केंद्रेंहि त्या चार तासांत आपला खर्च भरून काढीत. सूर्य नेमका त्याच वेळीं माथ्यावर आला. छपरांवरच्या विजेस इंधनाचा खर्च नाहीं, आणि कायद्यानें तिला तारेंत पहिला मान. त्यामुळें दुपारचा भाव कोसळला, आणि कांहीं दिवशीं तर तो शून्याच्याहि खालीं गेला. म्हणजे वीज घेऊन जाणाऱ्यासच वर पैसे देण्याची पाळी आली. घाऊक बाजारांतील सरासरी भाव २००८ मध्यें युनिटास सुमारें ६.६ सेंट होता; २०१३ मध्यें तो ३.८ वर आणि २०१६ मध्यें २.९ वर उतरला.

येथें एक चमत्कार वाचकांनीं लक्षांत घ्यावा. अधिभार म्हणजे बांधलेला भाव वजा बाजारभाव. तेव्हां सौर विजेमुळें बाजारभाव जितका उतरे, तितका अधिभार चढे. घाऊक वीज स्वस्त झाली आणि घरगुती बिल मात्र वाढलें: २००० मध्यें सर्व कर धरून सुमारें १४ सेंटांस मिळणारें युनिट २०१३ मध्यें सुमारें २९ सेंटांवर पोंचलें. कंपनीहि रडते आणि ग्राहकहि रडतो, असा हा व्यवहार झाला.

बव्हेरियांत इर्शिंग येथें २०१० व २०११ मध्यें वायूवर चालणारे दोन नवे संच सुरू झाले. त्यांतील एकानें इंधनांतील साठ टक्क्यांहून अधिक ऊर्जेची वीज करून त्या वेळीं जागतिक उच्चांक गांठला होता. परंतु दुपारचा भाव गेल्यामुळें इतकें उत्कृष्ट यंत्र बहुतेक काळ स्वस्थ उभें राहिलें, आणि २०१५ मध्यें मालकांनीं तें बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. आर्‌डब्ल्यूई ह्या जुन्या कंपनीस २०१३ सालीं सुमारें २.८ अब्ज युरोंचा तोटा आला. साठांहून अधिक वर्षांत तिला आलेला तो पहिला वार्षिक तोटा. ई.ऑन ह्या दुसऱ्या मोठ्या कंपनीचा तोटा २०१४ मध्यें ३.२ अब्ज, २०१५ मध्यें सुमारें ७ अब्ज आणि २०१६ मध्यें सुमारें १६ अब्ज युरोंचा होता. तिनें आपलीं कोळशाचीं व वायूचीं केंद्रें 'युनिपर' नांवाच्या वेगळ्या कंपनींत काढून दिलीं.

कंपनीचा तोटा म्हणजे भांडवलदारांचा तोटा, आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. पण आर्‌डब्ल्यूईचे जवळजवळ चतुर्थांश भाग रूर खोऱ्यांतील एसेन, डोर्टमुंड अशा नगरांच्या व जिल्ह्यांच्या मालकीचे होते. २०१६ च्या आरंभीं कंपनीनें सामान्य भागांवर लाभांश न देण्याचें ठरविलें, तेव्हां ह्या नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांस एकदम खड्डा पडला. तोटा हा शेवटीं कोठें जाऊन पोंचतो हें बहुधा आरंभीं दिसत नाहीं.

न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ह्या साऱ्याचा दोष गच्चीवरच्या पॅनेलांच्याच माथीं मारणें योग्य नव्हे. २०११ मध्यें जपानांत फुकुशिमाचा अपघात झाल्यावर जर्मनीनें अणुकेंद्रें मुदतीआधींच बंद करण्याचें ठरविलें, २००८ च्या मंदीनंतर विजेची मागणी खालावली, कोळसा स्वस्त झाला, पवनचक्क्या वाढल्या. शिवाय ह्या कंपन्यांनीं स्वतः सौर विजेकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केलें आणि जुन्याच पद्धतीच्या केंद्रांत पैसा घातला. छपरावरच्या विजेनें त्यांस पाडलें, त्याहून त्यांच्या गाफीलपणानें अधिक पाडलें, असें म्हणणें सत्यास धरून होईल.

मग जर्मनीचा पैसा वायां गेला काय? आमचें उत्तर 'नाहीं' असें आहे. कालिदासानें रघुवंशांत दिलीप राजाच्या करग्रहणास सूर्याची उपमा दिली आहे. घेणें हें परत देण्यासाठीं असावें, असा तिचा आशय. जर्मन कुटुंबांनीं जो अधिभार भरला त्यामुळें जगांत, विशेषतः चीनमध्यें, प्रचंड कारखाने उभे राहिले आणि पॅनेलाची किंमत पार उतरली. आमच्या गच्चीवरचीं पॅनेलें आम्हांस परवडलीं ह्याचें कांहीं श्रेय कोण्या अपरिचित जर्मन भाडेकरूकडे जातें. आज त्या देशांत नव्या छपरास मिळणारा भाव सुमारें ८ सेंट आहे; अधिभार १ जुलै २०२२ पासून बिलांवरून काढून त्याचा भार सरकारनें आपल्या अंदाजपत्रकावर घेतला; आणि फेब्रुवारी २०२५ च्या कायद्यानें, ज्या वेळीं बाजारभाव शून्याखालीं असेल त्या वेळच्या विजेस नव्या छपरांस मोबदला मिळत नाहीं.

दोन टोंकें

ह्या प्रश्नांत दोन टोंकांच्या चुका संभवतात. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड राज्यानें १ जुलै २००८ पासून छपरावरून तारेंत जाणाऱ्या जादा विजेस युनिटामागें ४४ सेंट, तेथील चलनांत, देऊं केले. अर्जांचा पाऊस पडला. जुलै २०१२ मध्यें नव्या ग्राहकांसाठीं तो दर बंद करून ८ सेंटांवर आणावा लागला. ज्यांस तो मिळाला त्यांचें वचन मात्र २०२८ पर्यंत चालावयाचें आहे. त्या वचनाचा खर्च तारांच्या आकारांतून इतर ग्राहकांवर पडला. औदार्य दुसऱ्याच्या खिशांतून केलें कीं तें लौकर आटोक्याबाहेर जातें.

स्पेनमध्यें उलटें झालें. आधीं उदार दर, मग वीजव्यवहारांत वीस अब्ज युरोंहून मोठी सांचलेली तूट, आणि मग पूर्वीं दिलेल्या वचनांतच काटछाट. भांडवल घातलेल्या कित्येकांनीं त्या सरकारास आंतरराष्ट्रीय लवादापुढें खेंचलें. ऑक्टोबर २०१५ मध्यें तर स्वतःच्या छपरावर वीज करून स्वतः वापरणाऱ्यांवरहि आकार बसविण्याचा हुकूम निघाला. लोकांनीं त्यास 'सूर्यावरचा कर' असें नांव दिलें. तीन वर्षांनीं, ऑक्टोबर २०१८ मध्यें, तो रद्द करावा लागला. मध्यंतरीं लोकांचा विश्वास गेला तो गेलाच.

आपल्या दाराशीं

महाराष्ट्रांत वीज नियामक आयोगानें २०१५ मध्यें नेट मीटरिंगचे नियम केले, आणि २०१९ च्या नियमांत, राज्यांतील छपरांची एकूण शक्ति ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावर तारेच्या आधाराबद्दल वेगळा आकार घेण्याची तरतूदहि करून ठेविली. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें एक कोटि घरांवर पॅनेलें बसविण्याचा संकल्प सोडून त्यासाठीं ७५,०२१ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. आम्हांस मिळालेलें अनुदान त्यांतलेंच. जर्मनीप्रमाणें हा पैसा शेजाऱ्याच्या बिलांतून न येतां तिजोरींतून येतो, ही गोष्ट चांगली आहे. परंतु तारेच्या बलुत्याचा प्रश्न अनुदानानें सुटत नाहीं.

आपल्याकडे तो अधिक नाजूक आहे. आपले घरगुती दर पायऱ्यांचे आहेत. पहिल्या शंभर युनिटांचा दर आणि पांचशेंच्या वरील युनिटांचा दर ह्यांत दुपटीहून अधिक अंतर आहे. वरच्या पायरीवरचा ग्राहक जो जादा दर देतो त्यांतून खालच्या पायरीवरच्या झोंपडींतला दिवा कांहींसा स्वस्त राहतो. आतां पॅनेलें प्रथम कोण बसवितो? वरच्या पायरीवरचाच. म्हणजे ज्याच्या जादा देण्यावर ही रचना उभी होती तोच आधीं बाहेर पडतो. दिवसां तारेंत टाकलेलें युनिट रात्रीं युनिटास युनिट परत मिळावें कीं नाहीं, हा वादहि २०२५ च्या दरनिश्चितीच्या वेळीं येथें जोरांत झाला. कंपनीच्या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे: सुगींतल्या ज्वारीचा भाव आणि श्रावणांतल्या ज्वारीचा भाव कधींहि एक नसतो, तसेंच दुपारचें युनिट आणि दिवेलागणीचें युनिट ह्यांचें मोल एक नव्हे. उलट पक्षीं, आमच्या गच्चीवरची वीज शेजारच्याच घरांत जळते; दूरच्या केंद्रांतून ती आणतांना जी गळती होते ती वांचते, आणि कोळसाहि वांचतो. वीजचोरी, थकबाकी व ढिसाळ कारभार ह्यांनीं होणारी तूट गच्चीवाल्यांच्या नांवें मांडणें हेंहि प्रामाणिक नव्हे.

बाईंस दिलेलें उत्तर

हें सर्व आम्हीं एका दुपारीं तळमजल्यावर जाऊन बाईंस समजावून सांगितलें. आमचा निष्कर्ष असा होता कीं, तारेचें बलुतें युनिटाच्या दरांतून बाहेर काढून उघडपणें स्थिर आकारांत घ्यावें. आम्हीहि तें मुकाट्यानें द्यावें. बाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण गुरुजी, स्थिर आकार वाढला म्हणजे तो माझाहि वाढणार ना?"

हा दुसरा प्रश्न पहिल्याहून कठीण निघाला, आणि त्यानें आमचा निष्कर्ष सुधारला. सर्वांवर सारखा स्थिर आकार बसविला तर ज्याचे दोनच दिवे आहेत त्यास तो जाचतो, आणि ज्याच्या घरीं चार वातानुकूलन यंत्रें आहेत त्यास कळतहि नाहीं. म्हणून बलुतें डोईवर नसावें, जोडणीच्या शक्तीवर असावें. मोठ्या जोडणीस मोठें, लहान जोडणीस नाममात्र. दुसरें, युनिटाचा भाव वेळ पाहून ठरावा, पण ज्यांनीं एका नियमावर विश्वासून पैसा घातला त्यांच्या बाबतींत तो नियम मध्येंच फिरवूं नये. तिसरें, ज्यास छप्पर नाहीं त्यासहि सूर्याचा वांटा मिळावा. हें अशक्य नव्हे. जर्मनींत भाडेकरूंसाठीं २०१७ मध्यें स्वतंत्र कायदा झाला. आज तेथें भाडेकरू आपल्या सज्जाच्या कठड्यास एखादें-दुसरें लहान पॅनेल अडकवितात, आणि अशा जोडण्यांची नोंद दहा लाखांच्या वर गेली आहे. दिल्लींत एका ठिकाणच्या पॅनेलांची वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वांटून घालण्याची सोय नियमांनीं झालेली आहे. अशी सोय गांवोगांवच्या बिऱ्हाडकरूंपर्यंत पोंचली तर आमच्या बाईंस वेगळें उत्तर देतां येईल.

नियम होतील तेव्हां होतील. तोंपर्यंत आपल्या हातांत जें होतें तें आम्हीं केलें. आमच्या घरांत विहिरीवरून टाकींत पाणी चढविण्याचा पंप आहे. त्याच्या विजेचा खर्च तिन्ही बिऱ्हाडांत वांटला जात असे. तो पंप आतां आमच्या मीटरावर घेतला असून, ऊन भर असतांना, बारा ते दोनच्या दरम्यान चालतो. त्याचा वांटा आम्ही कोणाकडे मागत नाहीं. दळण, धुणें, इस्त्री हीं कामेंहि आमच्या घरांत दुपारींच उरकतात. म्हणजे रात्रीं तारेस मारावयाच्या हांका तेवढ्याच कमी. हें दान नव्हे, आणि ह्यानें फार मोठा प्रश्न सुटला असाहि आमचा समज नाहीं. एका हिशेबांतील चूक ध्यानांत आल्यावर पाटीच्या एका कोपऱ्यांत ती दुरुस्त केली, एवढेंच.

ज्या वाचकांच्या गच्चीवर पॅनेलें आहेत, किंवा लौकरच बसावयाचीं आहेत, त्यांस आमची विनंति इतकीच कीं, शून्याचें बिल हातीं आलें म्हणजे तें एकदां शेजारच्या बिलाशेजारीं ठेवून पाहावें. सूर्य बिल पाठवीत नाहीं हें खरें आहे. परंतु शिडी घेऊन येणाऱ्या वायरमनला घर आहे, आणि त्याच्या घरींहि महिन्याच्या अखेरीस बिल येतेंच.